जुन्या सुरांचे जतन की रंगरंगोटी?

५ सप्टेंबर १९७७ रोजी अमेरिकेतून ‘व्हॉयेजर-१’ हे यान अंतराळात झेपावले. त्याच्यासोबत, आणि त्याच्या सोळा दिवस आधी निघालेल्या ‘व्हॉयेजर-२’सोबतही, सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी होती. पृथ्वीवरील माणूस कसा बोलतो, कसा गातो, हे कधीकाळी कुणा परग्रहवासीयाला कळावे, हा त्यामागचा हेतू. जगभरातून निवडलेल्या मोजक्या संगीतात भारतीय रागसंगीताचे प्रतिनिधित्व केले ते गोव्यातील केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांनी. ‘जात कहाँ हो’ ही त्यांची जेमतेम साडेतीन मिनिटांची भैरवी आज सूर्याच्या प्रभावक्षेत्राच्या सीमा ओलांडून पुढे निघाली आहे. यान निघाल्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर रोजी, केसरबाईंनी इहलोकीची यात्रा संपविली.

या अभिमानास्पद घटनेची दुसरी बाजू मात्र आपण सहसा सांगत नाही. निवड झाली तेव्हा ही ध्वनिमुद्रिका बाजारातून दिसेनाशी झालेली होती. शोधाशोध करता करता ती न्यूयॉर्कमधील एका दुकानात हाती लागली. केसरबाईंनी आयुष्यात मोजक्याच ध्वनिमुद्रिका दिल्या. त्यांतील एक अंतराळात जाते आणि तिची प्रत शोधण्यासाठी दुकाने पालथी घालावी लागतात, ही गोष्ट आपल्या सांस्कृतिक व्यवहाराविषयी पुष्कळ काही सांगून जाते. पुढे २०१७ मध्ये, या मोहिमेला चाळीस वर्षे झाल्यानिमित्त, तो संपूर्ण संगीतसंच मूळ ध्वनिफितींवरून नव्याने संस्कारित करून सर्वसामान्य श्रोत्यांसाठी काढण्यात आला. हे कामही झाले ते अमेरिकेतच.

हे आठवण्याचे कारण वेगळे आहे. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने साठच्या दशकातील एका मैफलीच्या ध्वनिमुद्रणाची सीडी विकत घेतली. कंपनीचे नाव येथे महत्त्वाचे नाही. वेष्टनावर सोनेरी अक्षरांत ‘२४ बिट डिजिटल रिमास्टर्ड’ अशी पट्टी होती. घरी येऊन मोठ्या उत्सुकतेने ती लावली आणि काही क्षणांतच चुकल्याचुकल्यासारखे वाटू लागले. खरखर नाहीशी झाली होती, हे खरे. पण तिच्याबरोबर तानपुराही गेला होता! गायकाने श्वास घेतला की मागे ठार शांतता पसरे, पुढचा स्वर लागला की तानपुऱ्याची पुसटशी आस उगवे आणि पुन्हा विझे. आलाप ज्या आवाजात, त्याच आवाजात द्रुतातील तान. घरातील जुनी, घासून गुळगुळीत झालेली एलपी त्यानंतर ऐकली. तिच्यात टिकटिक होती, खरखर होती. पण गवई समोर बसलेला होता. सीडीत तो नव्हता.

मग त्या सोनेरी पट्टीचा अर्थ काय? आणि ज्याला ‘रिमास्टरिंग’ म्हणजे पुनर्संस्करण म्हणतात, ते आहे तरी काय?

आकड्यांचा अर्थ

आम्ही पडलो कलाशाखेचे. आकडेमोड हा आमचा प्रांत नव्हे. तरीही हा विषय समजण्यापुरते गणित कुणालाही झेपण्यासारखे आहे. सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी मिळून सीडीचे मानक ठरविले आणि १९८२ मध्ये सीडी बाजारात आली. ध्वनीच्या लहरीची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणी करायची आणि प्रत्येक मोजणी १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीवर नोंदवायची, असे ते मानक. मोजणीचा वेग जितका, त्याच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचा ध्वनी त्यात अचूक मावतो. ४४,१०० चे निम्मे २२,०५०. माणसाच्या कानाची मर्यादा तरुणपणीही सुमारे २०,००० कंपनांची. बिटांचा संबंध लहान आणि मोठ्या आवाजातील अंतराशी आहे. एका बिटामागे सुमारे ६ डेसिबल धरले तर १६ बिटांत ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. २४ बिटांत पायऱ्या होतात १ कोटी ६७ लाखांहून अधिक आणि पल्ला जातो १४४ डेसिबलपर्यंत.

आता सुज्ञ वाचकांच्या मनात साहजिकच प्रश्न येईल की, सीडी जर १६ बिटांचीच असते, तर तिच्यावर ‘२४ बिट’ कसे? त्याचे उत्तर असे की, २४ बिट ही तयारीतील गोष्ट आहे, ताटातील नव्हे. एखादा हिशेबनीस मधल्या प्रत्येक पायरीवर पैसे सोडून देऊन रुपयांत पूर्णांक करत गेला, तर अखेरची बेरीज चुकते. तोच पैशापर्यंत हिशेब ठेवून शेवटी एकदाच पूर्णांक करील, तर चूक नगण्य राहते. जुने ध्वनिमुद्रण संगणकात घेतल्यावर टिकटिक काढणे, पातळी ठरविणे, खर्ज आणि तार यांचा तोल साधणे अशा अनेक क्रिया होतात. त्या २४ बिटांत करून शेवटी एकदाच १६ बिटांवर उतरणे, हा या तंत्राचा गाभा. उतरतानाही उरलेले अंश नुसते छाटून चालत नाहीत. तसे केल्यास मंद होत जाणाऱ्या स्वराच्या शेवटी एक खरबरीत विकृती येते. म्हणून अत्यल्प प्रमाणात नियमरहित ध्वनी मुद्दाम मिसळतात. त्याला ‘डिदर’ म्हणतात. तो मिसळलेला ध्वनी कानाला कमी जाणवणाऱ्या पट्ट्यात ढकलण्याच्या युक्त्याही निघाल्या. नव्वदच्या दशकात सोनीने ‘सुपर बिट मॅपिंग’ आणले, जपानच्या जेव्हीसीने ‘एक्सआरसीडी’, आणखी एका कंपनीने ‘एचडीसीडी’. १९९९ मध्ये ‘सुपर ऑडिओ सीडी’ आली, २००८ मध्ये जपानात वेगळ्या प्लास्टिकच्या ‘एसएचएम-सीडी’ आल्या. प्रत्येक वेळी श्रोत्याला सांगण्यात आले की, याआधी तुम्ही जे ऐकत होता ते अपुरे होते!

हे सारे खोटे होते असे नाही. परंतु ऐकणाऱ्याच्या कानाला त्यातील किती पोहोचते, हे तपासून पाहिले गेले आहे. बॉस्टनमध्ये केलेल्या एका चाचणीचा वृत्तान्त २००७ मध्ये ध्वनिअभियंत्यांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. उच्च प्रतीची तबकडी थेट ऐकवायची आणि तीच सीडीच्या १६ बिटांच्या चाळणीतून ऐकवायची. श्रोत्याने फरक ओळखायचा. ५५४ वेळा हा प्रयोग झाला आणि बरोबर उत्तरे आली २७६, म्हणजे नाणे उडवून जितकी यावीत तितकीच. २०१६ मध्ये अशा १८ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास झाला, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ५२ टक्के निघाले. फरक अगदीच शून्य नाही, पण फार सूक्ष्म आहे. पहिल्या चाचणीच्या लेखकांनी नोंदविलेली एक गोष्ट मात्र मननीय आहे. उच्च प्रतीच्या तबकड्या अनेकदा खरोखरच चांगल्या वाजतात, कारण त्या बनविणारी माणसे अधिक मन लावून काम करतात. श्रेय बिटांचे नव्हे. जिव्हाळ्याचे आणि काळजीचे आहे.

काळजी म्हणजे काय?

याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेच्या जॅझ संगीतातील आहे. माइल्स डेव्हिस या तुतारीवादकाचा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा संच १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झाला. जॅझमधील तो मानदंड मानला जातो. २ मार्च १९५९ च्या पहिल्या बैठकीत मुख्य ध्वनिमुद्रण यंत्र किंचित मंद चालत होते. परिणामी योग्य वेगाने वाजविल्यावर पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना किंचित द्रुत आणि चढ्या स्वरात वाजू लागल्या. तबकडीबरोबर साथ करू पाहणाऱ्या वादकांना आपले वाद्य जुळत नाही, असा अनुभव येई. तब्बल ३३ वर्षे जग हे चुकीच्या सुरातच ऐकत राहिले. १९९२ मध्ये सोनीच्या २० बिटांच्या मालिकेसाठी नवी आवृत्ती करताना मार्क वाइल्डर या अभियंत्याने त्याच बैठकीत शेजारी चालू असलेल्या दुसऱ्या यंत्राची फीत काढून पाहिली. ती योग्य वेगाची होती. चूक दुरुस्त झाली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, ही दुरुस्ती १६ बिटांच्या साध्या सीडीवरही तितकीच ऐकू येते. ती यंत्राने केली नाही. कुणीतरी कपाटातील दुसरी फीत उघडून पाहण्याचे कष्ट घेतले, म्हणून ती झाली.

दुसरे उदाहरण इंग्लंडच्या ‘बीटल्स’ या वृंदाचे. त्यांचे संच १९८७ मध्ये प्रथम सीडीवर आले. पुढे लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत अभियंत्यांच्या एका चमूने चार वर्षे खपून ते नव्याने संस्कारित केले आणि ९ सप्टेंबर २००९ रोजी ते प्रकाशित झाले. मूळ फिती २४ बिट आणि १,९२,००० मोजण्यांच्या दराने संगणकात घेतल्या गेल्या. प्रत्येक गाणे झाले की यंत्राचे मुखडे पुसून स्वच्छ केले जात. आणि एवढी साधने हाताशी असताना खरखर काढण्याचे तंत्र त्यांनी किती वापरले? एकूण ५२५ मिनिटांपैकी पाच मिनिटांहूनही कमी! साधन हाती असताना ते न वापरण्याचा संयम, यालाच आपल्याकडे विवेक म्हणतात.

याच्या उलट टोकाला आहे ती आवाजाची शर्यत. सीडीवर आवाजाला एक ठरलेले छत असते. त्याच्या वर जाता येत नाही. मग आपली तबकडी शेजारच्या तबकडीपेक्षा जोरकस वाटावी म्हणून मंद स्वर ओढून वर आणायचे आणि मोठे स्वर छतावर आपटून सपाट करायचे, ही रीत नव्वदच्या दशकापासून बोकाळली. पाश्चात्त्य रॉक संगीतात तिच्याविरुद्ध श्रोत्यांनीच आवाज उठविला. २००८ मध्ये ‘मेटॅलिका’ या वृंदाच्या नव्या संचाविषयी हजारो चाहत्यांनी जाहीर नापसंती नोंदविली. पण ढोल आणि गिटार यांच्या गदारोळात जे कदाचित खपून जाते, ते ख्यालगायनात प्राणावरच बेतते. विलंबित आलापातील हलका लावलेला गंधार आणि द्रुतातील तार षड्ज यांना एकाच पातळीवर आणून बसविले, तर रागाची बढत ऐकू येणार कशी? सागवानी कोरीव दरवाजाला ऑइलपेंटचे तीन हात दिले की दरवाजा चकाकतो खरा, पण कोरीवकाम बुजते. प्रस्तुत लेखकाच्या सीडीचे नेमके हेच झाले होते.

आपल्या संगीताचा प्रश्न वेगळा आहे

फ्रेड गेसबर्ग या तंत्रज्ञाने नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होऊन येत. तेथील कामगारांना गायिका ओळखता यावी म्हणून गाण्याच्या शेवटी त्या स्वतःचे नाव इंग्रजीत सांगत. तेव्हापासून पुढची सुमारे सहा दशके आपल्या संगीताचा इतिहास ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांत साठलेला आहे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे. तेवढ्यात अब्दुल करीम खाँसाहेबांनी राग उभा केला, बालगंधर्वांनी नाट्यपदे अमर केली.

या तबकड्यांवरून सीडी करताना पहिला प्रश्न बिटांचा नसतोच. तो असतो वेगाचा. ‘७८ फेऱ्या’ हे नाव पुढे रूढ झाले; सुरुवातीच्या काळात प्रत्यक्ष मुद्रणाचा वेग सत्तरच्या आसपासपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत कोठेही असे. समजा, एखादी तबकडी मिनिटाला सुमारे साडेत्र्याहत्तर फेऱ्यांनी मुद्रित झाली आणि आपण ती ७८ ने वाजविली. वेग सहा टक्क्यांनी वाढला. काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी दोनमध्ये गातो आहे, असे ऐकू येईल. तीन मिनिटांचे गाणे दहा सेकंद आधी संपेल. स्वरास्वरांतील प्रमाण बदलणार नाही, त्यामुळे राग तोच राहील. पण षड्ज बदलेल, लय बदलेल, आवाजाचा पोत बदलेल. तान असेल त्यापेक्षा चपळ आणि गळा असेल त्यापेक्षा पातळ वाटेल. तबकडीचे भोक मध्यापासून थोडे सरकलेले असेल, तर स्थिर स्वरालाही खोटे आंदोलन लागेल. पुढची पिढी या ध्वनिमुद्रिका ऐकून घराण्याची गायकी शिकते. ती चुकीच्या वेगाची तान गळ्यावर चढवायला बसली, तर दोष कुणाचा?

मिरजेला वास्तव्य असलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांच्या श्रुतिसंशोधनाला साहाय्य केले. देवलांचा बावीस श्रुतींवरील ग्रंथ १९१० चा आहे. स्वराच्या सूक्ष्म स्थानासाठी ज्या मातीत एवढा खटाटोप झाला, त्याच मातीतील ध्वनिमुद्रिकांचा वेग आपण अंदाजपंचे ठरवावा, हे शोभणारे नाही.

दुसरा प्रश्न सुईचा. एलपीची सुई जुन्या तबकडीच्या रुंद खाचेत तळाशी घसरते आणि केवळ खरखर उचलते. जाणकार तंत्रज्ञ निरनिराळ्या जाडीच्या सुया लावून पाहतो. लोखंडी पिनांनी खाचेचा जो भाग झिजविलेला नाही, तेथील ध्वनी त्याला उचलायचा असतो. तिसरा प्रश्न प्रतींचा. एकाच ध्वनिमुद्रिकेच्या चार प्रती मिळाल्या, तर एकीचा आरंभ चांगला असतो, दुसरीचा शेवट. हे सारे झाल्यानंतर येतात ते बिट. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शिकेने किमान ४८,००० मोजण्या आणि २४ बिट यांची शिफारस केली आहे. ९६,००० असल्यास उत्तम. जुन्या तबकडीत एवढे बारकावे असतात म्हणून नव्हे. खरखरीचा आणि टिकटिकीचा आकार जितका स्पष्ट टिपला जाईल, तितकी ती गाण्यापासून वेगळी काढणे सोपे जाते, म्हणून.

भांडारकरांचा वस्तुपाठ

या कामाची शिस्त परदेशातून आयात करण्याचे कारण नाही. ती पुण्यातच उपलब्ध आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ मध्ये ते पूर्णत्वास नेले. बाराशेहून अधिक हस्तलिखिते तपासली गेली. डॉ. वि. स. सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काय केले? प्रत्येक श्लोकाचा सर्वांत विश्वसनीय पाठ वर छापला आणि सोडलेला प्रत्येक पाठभेद खाली टीपेत दिला. कोणती प्रत कोठली, हे सांगितले. आपल्याला गोड वाटले म्हणून एक अक्षरही गुपचूप बदलले नाही. पुढच्या अभ्यासकाला आपला निर्णय पटला नाही, तर तो तपासता यावा, याची तजवीज केली.

ध्वनिमुद्रिकेच्या पुनर्संस्करणालाही हाच न्याय लागू व्हायला हवा. तबकडीवरून अथवा फितीवरून जसा मिळाला तसा, काहीही न पुसलेला ध्वनी एका प्रतीत कायम जपला पाहिजे. ऐकण्याची आवृत्ती त्याच्यावरून वेगळी करावी. आणि वेष्टनावर बिटांच्या सोनेरी पट्टीऐवजी चार ओळींची प्रामाणिक माहिती द्यावी: मूळ प्रत कोणती, तबकडी क्रमांक काय, वेग किती धरला व कोणत्या आधारावर, खरखर कितपत काढली, काम कुणी केले. या चार ओळींना पैसा लागत नाही. लागते ती उत्तरदायित्वाची जाणीव.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, आजचा तरुण खरखर ऐकून घेणार नाही. त्याच्यापर्यंत पोहोचायचे तर ध्वनी स्वच्छ करावाच लागेल. हा आक्षेप रास्त आहे. आमचा विरोध स्वच्छतेला नाहीच. टिकटिक काढणे म्हणजे मूर्तीवरची धूळ झटकणे. ते केलेच पाहिजे. पण धूळ झटकताना नाक तुटता कामा नये, आणि तुटलेच तर मूळ साचा जपलेला असावा, एवढेच म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. सीडी आता विकत घेतो कोण? आज गाणे मोबाइलवर ऐकले जाते. हेही खरे. परंतु मोबाइलवर जे येते ते येते कोठून? अनेकदा पंधरा-वीस वर्षांपूर्वी सीडीसाठी जे रूपांतर झाले, तेच पुढे सरकत राहते. तेव्हा वेग चुकला असेल, तानपुरा पुसला गेला असेल, तर ती चूक आता लक्षावधी कानांपर्यंत जाते आणि तीच मूळ म्हणून रूढ होते. सीडी गेली, म्हणून प्रश्न गेला नाही. उलट तो वाढला.

आणि ज्यांना केवळ यंत्राच्या जातीवर विश्वास ठेवायचा आहे, त्यांच्यासाठी २०२२ ची एक घटना पुरेशी आहे. अमेरिकेतील ‘मोबाइल फिडेलिटी’ ही कंपनी मूळ फितींवरून काढलेल्या महागड्या एलपींसाठी रसिकांत नावाजलेली. डिजिटलचा स्पर्शही नको म्हणणारे श्रोते त्या आवर्जून घेत. कंपनी अनेक वर्षे मधल्या पायरीवर डिजिटल प्रत वापरत होती, हे त्या वर्षी तिच्याच अभियंत्यांनी मान्य केले. प्रकरण न्यायालयात गेले. तोवर या तबकड्या ऐकून नाजूक कानाच्या रसिकांनी डिजिटलविरहित ध्वनीची तोंड भरून स्तुती केली होती! डिजिटल वाईट नव्हते. न सांगणे वाईट होते.

वेळ थोडा उरला आहे

हे सारे तातडीने लिहिण्याचे कारण असे की, मूळ साधने थांबून राहणारी नाहीत. १ जून २००८ रोजी लॉस एंजेलिसजवळ युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली आणि संगीताच्या मूळ फितींचा मोठा साठा तिच्या तडाख्यात सापडला. त्याची व्याप्ती जगाला कळली ती २०१९ मध्ये, एका वृत्तपत्राने शोध घेतल्यावर. नेमके किती गेले याविषयी कंपनीने त्या आकड्यांवर आक्षेप घेतला. आपल्याकडे आग लागण्याचीही गरज नाही. कोकणातला आणि मुंबईतला पावसाळा पुरेसा आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकातील अनेक फितींचा लेप दमट हवेने चिकट होतो; तशीच वाजवायला घेतली की तो यंत्राच्या मुखड्यावर उतरतो आणि गाणे कायमचे जाते. अशी फीत सुमारे पन्नास अंश तापमानात काही तास नियंत्रित रीतीने तापवून मग एकदाच उतरवून घ्यावी लागते. ते जाणकाराचेच काम. ती वाजविणारी स्पूल यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे हात, दोन्ही आज विरळ होत चालले आहेत.

महाराष्ट्रात संगीत मंडळांच्या, गणेशोत्सवातील आणि घरगुती बैठकींच्या कितीतरी फिती रसिकांनी हौसेने भरून ठेवल्या. त्यांतील गाणे कोणत्याही कंपनीच्या यादीत नाही. आजोबा गेले, फ्लॅट लहान पडला, आणि माळ्यावरची ती खोकी रद्दीवाल्याकडे गेली, हे किती घरांत घडले असेल! वाचकहो, आपल्या घरी असे काही असेल, तर चार पथ्ये पाळावीत. लाखेच्या तबकड्या एकीवर एक आडव्या रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात. त्या स्पिरिटने कधीही पुसू नयेत; स्पिरिटमध्ये लाख विरघळते. हौस म्हणून जुन्या ग्रामोफोनवर दुर्मीळ तबकडी पुन्हा पुन्हा वाजवू नये. लोखंडी पीन दर वेळी खाच झिजविते. आणि फितीच्या डबीवर गायकाचे नाव, स्थळ, तारीख, साथीदार यांची नोंद आजच, ती मैफल ऐकलेल्या वडीलधाऱ्यांना विचारून करून ठेवावी. फीत उद्या उतरविता येईल. आठवण उद्या असेलच असे नाही.

कायद्याचा अडसरही वाटतो तेवढा नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे राहतो. याचा अर्थ १९६४ पर्यंत प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रिका, म्हणजे ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचा बहुतांश साठा, त्या हक्कातून मुक्त झालेला आहे. शब्द आणि स्वररचना यांचे हक्क मात्र वेगळे पाहावे लागतात. म्हणजे एखादे महाविद्यालय, एखादे संगीत मंडळ, एखादा दाता मनावर घेईल, तर हे काम कंपन्यांच्या कृपेवर अवलंबून नाही. एक चांगला तंत्रज्ञ, वेग आणि स्वर पारखणारा एक जाणता गवई, योग्य सुया, काटेकोर नोंदवही आणि चिकाटी, एवढ्या भांडवलावर ते सुरू होऊ शकते.

केसरबाईंची भैरवी आता मानवाच्या हाताबाहेर गेली आहे. तिला गंज नाही, बुरशी नाही, रद्दीवाला नाही. कुणी तिच्यातील तानपुरा पुसणार नाही. प्रश्न आहे तो येथे, माळ्यावर पडून असलेल्या बाकीच्या गाण्यांचा. त्यांना सोनेरी पट्टी नको आहे. त्यांना हवे आहेत दोन स्वच्छ हात आणि एक प्रामाणिक नोंद.